वैनगंगेच्या मुलखांतून नर्मदेच्या घळईकडे

भंडारा जिल्ह्याच्या पवनी तालुक्यांत कोंढा नांवाचें एक गांव आहे. भोंवतालचा सारा मुलूख भाताचा. जिकडे पाहावें तिकडे धुऱ्यांनीं आंखलेल्या बांध्या, मधून मधून एखादी बोडी, कोठें मोठा तलाव, आणि दृष्टीला अडविणारा उंचवटा क्वचितच. ह्या तालुक्याची नदी वैनगंगा. तीहि ह्या भूमीला शोभेल अशीच आहे. पात्र रुंद, कांठ मातीचे, तळ वाळूचा. तालुक्यांतच गोसेखुर्द येथें ह्या नदीवर मोठें धरण झालें आहे. १९८८ सालीं त्याची कोनशिला बसली, २००९ सालीं त्यास राष्ट्रीय प्रकल्प म्हणून मान्यता मिळाली, आणि त्याच्या भिंतीची लांबी ११ किलोमीटरांहून अधिक आहे. धरणाची भिंत इतकी लांब कां घालावी लागली, ह्या एका प्रश्नाच्या उत्तरांत येथल्या भूमीचें सारें वर्णन येऊन जातें. नदीला दोन्ही बाजूंनीं आवळून धरणारे डोंगर येथें नाहींत. पाणी अडविलें कीं तें उंच चढण्याऐवजीं बाजूंना पसरूं पाहतें. म्हणून भिंतहि पसरत न्यावी लागली.

अशा मुलखांत वाढलेल्या माणसाला नदी ही पसरणारी वस्तु वाटते. नदी कापणारीहि असते, ती डोंगराच्या पोटांतून वाट काढते, हें त्यानें शाळेंत घोकलेलें असतें व परीक्षेंत लिहिलेलेंहि असतें. पण डोळ्यांनीं पाहिलेलें नसतें. तें पाहण्यास मात्र त्याला फार दूर जावें लागत नाहीं. कोंढ्याहून उत्तरेस, सडकेच्या मार्गानें सुमारें ३०० ते ३५० किलोमीटरांवर, नर्मदेनें संगमरवराच्या खडकांतून कोरून काढलेली घळई आहे. जबलपूरजवळचें भेडाघाट म्हणतात तें हेंच. मोटारसायकलीवर बसून एकट्यानें हा प्रवास करतां येतो, आणि हल्लींचे तरुण तसा करतातहि.

एकट्याच्या प्रवासाची एक मौज अशी कीं, त्यांत बोलणें थांबतें आणि पाहणें सुरू होतें. मंडळी जमवून सहल काढली म्हणजे घळईच्या कांठीं शिदोऱ्या सुटतात, छायाचित्रें निघतात, आणि पाणी कोणत्या दिशेकडून कोणत्या दिशेस वाहत होतें हें घरीं परतल्यावर कोणासच सांगतां येत नाहीं. पण एकटेपणाला दुसरी बाजू आहे. ओल्या दगडावरून पाय निसटला तर हात देण्यास जवळ कोणी नसतें. चुकीच्या जागीं उभें राहिलें तर मागें ओढणारें कोणी नसतें. म्हणून घळई कशी बनते हें समजून घेणें, हें एकट्या प्रवाशाच्या बाबतींत केवळ ज्ञानाचें काम राहत नाहीं. ज्या कारणांनीं पाणी खडक कापतें, त्याच कारणांनीं तें माणसाला ओढून नेतें. तीं कारणें ज्याला कळलीं त्याला पाऊल कोठें ठेवूं नये हेंहि कळतें.

घळई म्हटली कीं पुष्कळांच्या डोळ्यांपुढें प्रथम अमेरिकेंतील ग्रँड कॅन्यन उभी राहते, आणि तें स्वाभाविक आहे. कोलोरॅडो नदीनें अ‍ॅरिझोनाच्या रुक्ष प्रदेशांत पाडलेली ही घळई ४४६ किलोमीटर लांब, कांहीं ठिकाणीं २९ किलोमीटर रुंद आणि दीड किलोमीटराहूनहि अधिक खोल आहे. १९१९ सालीं तिचें राष्ट्रीय उद्यान झालें. तिच्यांत आपल्याकडील माणसाला चकित करणारी एक गोष्ट म्हणजे तेथल्या शिखरांचीं नांवें. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत क्लॅरेन्स डटन ह्या भूशास्त्रज्ञास तीं शिखरें हिंदु देवळांसारखीं वाटलीं, आणि त्यानें विष्णु व शिव हीं नांवें त्यांना देऊन टाकलीं. पुढें घळईच्या अगदीं तळाशीं असलेल्या, सुमारें १७५ कोटी वर्षांच्या काळ्या खडकालाहि विष्णूचेंच नांव मिळालें. सर्वांत खालचा, ज्याच्यावर बाकीचे सारे थर उभे, त्या खडकाला हें नांव मिळावें हा योगायोगहि मोठा गोड आहे.

ह्या घळईंतून नदीच्या प्रवाहाबरोबर जाण्याचा पहिला मोठा शास्त्रीय प्रवास १८६९ सालीं जॉन वेस्ली पॉवेल ह्यानें केला. युद्धांत त्याचा एक हात गेलेला होता. चार होड्या व नऊ माणसें घेऊन तो निघाला. शेवटच्या टप्प्यांत एका भयंकर खळाळापाशीं तिघांचा धीर सुटला; नदीपेक्षां जमीन बरी म्हणून ते कडा चढून वाळवंटांत निघून गेले आणि पुन्हा कोणास दिसले नाहींत. जे नदींत राहिले ते दोनच दिवसांत घळईच्या पलीकडे सुखरूप पोंचले. दिसणाऱ्या संकटाला भिऊन न दिसणाऱ्या संकटांत पाऊल टाकणें हें घळईच्या मुलखांत अजूनहि घडतें. डोंगर चढतांना माणूस दमला तर परततांना उतार असतो. घळईंत सारें उलटें असतें. सकाळच्या गारव्यांत, ताज्या पायांनीं माणूस उतरत जातो; आणि दमल्यावर, दुपारच्या उन्हांत, पाणी संपत आलें असतां त्याला चढावें लागतें. उन्हाळ्यांत त्या घळईच्या तळाशीं उष्णता ४० अंशांवर जाते. कांठावरून नदीपर्यंत जाऊन एका दिवसांत परत येण्याचा प्रयत्न करूं नये, असा इशारा तेथले अधिकारी सतत देत असतात, तो ह्याच कारणानें.

आतां कोंढ्याच्या वाटेकडे वळूं. प्रवासी अड्याळवरून भंडाऱ्यास आला कीं त्याच्यापुढें दोन मार्ग असतात. एक तुमसरवरून कटंगीकडे व तेथून सिवनीस जातो. ह्या मार्गाच्या आसपास चिखला, डोंगरी बुजुर्ग ह्या मँगनीजच्या खाणी आहेत, आणि ज्याला खडकांची आवड आहे त्याला हाच मार्ग अधिक रुचेल. दुसरा मार्ग रामटेकवरून मनसरला जाऊन राष्ट्रीय महामार्ग ४४ ला मिळतो. एकट्यानें हा दुसराच धरावा. महामार्गावर वर्दळ असते, चाक पंक्चर झालें तर दुरुस्ती करणारा सांपडतो, आणि घरीं काळजी करणाऱ्यांना माणूस कोठवर गेला असेल ह्याचा अदमास बांधतां येतो.

शिवाय ह्या मार्गावर रामटेक आहे. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनीं कालिदासाच्या मेघदूतांतील रामगिरि म्हणजे हेंच रामटेक असें मत प्रतिपादिलें. तें मानलें तर यक्षानें मेघाला सांगितलेली वाट येथूनच उत्तरेकडे निघते. आणि त्या वाटेवर विंध्याच्या पायथ्याच्या खडकांत विखुरलेली रेवा, म्हणजे नर्मदा, मेघास दिसेल असें तेथें वर्णन आहे. एकट्या प्रवाशाला वाट समजावून सांगणारें मेघदूतासारखें दुसरें काव्य नाहीं. तो मेघहि एकटाच होता.

मनसरच्या पुढें पेंचचें अरण्य लागतें. महामार्ग रुंद करतांना ह्या अरण्याचें काय होईल असा मोठा वाद झाला होता. शेवटीं महाराष्ट्राच्या हद्दींत रस्ता ठिकठिकाणीं खांबांवर उचलून घेण्यांत आला व खालीं जनावरांसाठीं नऊ वाटा मोकळ्या ठेवण्यांत आल्या. सर्वांत मोठी मोकळीक सुमारें ७५० मीटर लांबीची आहे. तेथें बसविलेल्या कॅमेऱ्यांत वाघहि खालून जातांना टिपले गेले आहेत. वरून मालमोटारी धडधडत जात असतां खालून वाघ शांतपणें रस्ता ओलांडतो, ही तडजोड मनुष्याला फारशी भूषणावह नसली तरी उपयोगी ठरली खरी. ही पट्टी दिवसाउजेडीं ओलांडावी. सगळा रस्ता कांहीं खांबांवर नाहीं, आणि जनावरांना पाट्या वाचतां येत नाहींत.

खवाशाजवळ राज्याची सीमा ओलांडली कीं पाट्या हिंदींत दिसूं लागतात, पण बोली एकाएकीं बदलत नाहीं. भंडारा, गोंदिया, बालाघाट, सिवनी ह्या चारहि जिल्ह्यांत पोवारी बोलणारीं कुटुंबें आहेत. हाच सिवनीचा मुलूख किपलिंगनें १८९४ सालच्या आपल्या जंगलबुकांत मोगलीला राहावयास दिला. आणि त्यांतली नदी म्हणजे कोंढ्याकडची वैनगंगाच. पुढच्या वर्षीं निघालेल्या दुसऱ्या भागांत त्यानें वैनगंगेवर एक खोल घळई कल्पिली आहे. तिच्या कड्यांवर रानमाशांचीं पोळीं लोंबत असतात, आणि रानकुत्र्यांचा कळप त्या माशांच्या व पाण्याच्या तडाख्यांत सांपडून नाश पावतो. पवनीची वैनगंगा पाहणाऱ्याला ह्या वर्णनाचें हसूं येईल. पण भेडाघाट पाहून आलेला हसणार नाहीं. अशी घळई व अशा माशा कोठें आहेत हें त्याला ठाऊक असतें.

खवाशाच्या पुढें रस्ता चढूं लागतो. भंडारा समुद्रसपाटीपासून सुमारें २५० मीटर उंच आहे. सिवनी ६०० मीटरांच्या वर. मोटारसायकलीवर हा चढ डोळ्यांपेक्षां कानांना आधीं कळतो, कारण यंत्राचा सूर बदलतो. रस्त्यासाठीं जेथें टेकड्या तोडल्या आहेत तेथें काळ्या खडकाचे थर उघडे पडलेले दिसतात. सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं भूगर्भांतून लाव्हा बाहेर पडून जो काळा पत्थर जवळजवळ सगळ्या महाराष्ट्रावर पसरला, त्याचीच ही पूर्वेकडची कड.

सिवनी सोडून लखनादौनकडे निघालें कीं छपारा येथें एक नदी आडवी येते. नांव विचारलें तर प्रवासी चमकतो. ती वैनगंगाच! तिचा उगम सिवनी जिल्ह्यांत मुंडारा गांवाजवळ आहे. तेथून ती प्रथम दक्षिणेस न जातां उत्तरेस जाते, मग पूर्वेकडे वळते, आणि मोठा अर्धवर्तुळाकार फेरा घेऊन बालाघाटवरून भंडाऱ्याकडे येते. म्हणजे रामटेकपासून सरळ वर आलेला प्रवासी तिचा तो फेरा मध्येंच कापून पलीकडे निघालेला असतो. पवनीस जिच्यासाठीं ११ किलोमीटरांची भिंत लागली, ती येथें एका साध्या पुलाखालून जाते.

छपाऱ्याच्या पुढें लखनादौनच्या पठारावर कोठें तरी एक अदृश्य रेषा आहे. तिच्या अलीकडे पडलेला पाऊस वैनगंगेंत, प्राणहितेंत, गोदावरींत मिळून बंगालच्या उपसागरास जातो. पलीकडे पडलेला नर्मदेला मिळून भडोचजवळ पश्चिम समुद्रास जातो. ह्या रेषेवर फलक नाहीं, देऊळ नाहीं. शेतें दोन्हीकडे सारखींच. ओढे कोणत्या बाजूस उतरूं लागले एवढेंच लक्षांत ठेवून पुढें जावें. थोड्याच वेळांत सडक उतरणीला लागते आणि सातपुडा मागें राहतो.

जबलपूरच्या अलीकडे तिलवारा घाटाशीं नर्मदा ओलांडावी लागते. जवळच त्रिपुरी, कलचुरी राजांची जुनी राजधानी. १९३९ सालीं सुभाषचंद्र बोस यांच्या अध्यक्षतेखालीं राष्ट्रसभेचें गाजलेलें अधिवेशन ह्याच परिसरांत भरलें. येथून पश्चिमेस भेडाघाट हांकेच्या अंतरावर आहे.

प्रथम दिसतो तो धुवांधार धबधबा. पाहण्यापूर्वीं तो ऐकूं येतो, आणि जवळ गेलें कीं तुषारांचा धूर अंगावर येतो. त्यावरूनच हें नांव पडलें. धबधब्याच्या वर नर्मदा चांगली रुंद, खडकाळ पात्रांतून पसरून येते. खालीं पडतांच ती एका चिंचोळ्या वाटेंत शिरते. तीच नदी, तेवढेंच पाणी. रुंदी मात्र कांहीं ठिकाणीं वीसएक यार्डांवर येते. दोन्ही बाजूंस सुमारें १०० फूट उंचीचे सरळ कडे. रंग पांढरा, पण सगळा पांढरा नव्हे. कोठें पिवळसर, कोठें फिकट हिरवा, कोठें निळसर राखाडी, आणि मधूनच काळ्या खडकाची पट्टी वरपासून खालपर्यंत गेलेली. एके जागीं दोन्ही कडे इतके जवळ येतात कीं पूर्वीं तेथून वानरें उडी मारून पलीकडे जात असत असें सांगतात. त्या जागेला बंदर-कूदनी म्हणतात.

हा संगमरवर सुमारें २०० कोटी वर्षांचा आहे. म्हणजे ज्या विष्णु-खडकाचें अमेरिकेंत एवढें कौतुक होतें त्याच्याहूनहि हा जुना. प्राचीन समुद्राच्या तळाशीं चुन्याचा व मॅग्नेशियमचा गाळ सांचला, पुढें तो भूगर्भांतील उष्णतेनें व दाबानें भाजून निघाला, आणि त्याचा हा दगड झाला. त्याच्या जोडीला मऊ शंखजिरें आहे. भेडाघाटचे कारागीर ज्या लहान लहान मूर्ती व डब्या कोरून विकतात, त्या पुष्कळशा ह्या मऊ दगडाच्या असतात. संगमरवर म्हणून त्या घेणाऱ्यानें नखानें ओरखडून पाहावें. कारागिरी मात्र खरी असते.

आतां मुख्य प्रश्न. पाणी हें मऊ आणि दगड कठीण. मग पाण्यानें दगड कापला कसा?

खरें पाहतां नुसतें पाणी दगड फारसें कापीत नाहीं. कापतात ते पाण्याबरोबर वाहणारे दगडगोटे आणि वाळू. करवत लोखंडाची असली तरी काम तिच्या दांत्यांचें असतें, तसें हें आहे. ह्याचा उत्तम पुरावा महाराष्ट्रांतच, पारनेर तालुक्यांत निघोज येथें कुकडी नदीवर पाहावयास मिळतो. तो मुलूखहि पावसाच्या छायेंतला, कोरडा, ग्रँड कॅन्यनच्या उजाड देखाव्याशीं थोडें नातें सांगणारा. तेथें काळ्या पत्थराच्या पात्रांत रांजणासारखे मोठाले खळगे पडले आहेत. पुराच्या वेळीं एखादा गोटा लहानशा खोलगटांत अडकतो. भोंवरा त्याला गरगर फिरवितो. गोटा खळग्याला घासतो आणि स्वतःहि झिजतो. तो झिजून गेला कीं पुढच्या पुरांत दुसरा येतो. अशीं हजारों वर्षें गेलीं म्हणजे रांजण तयार होतो. आणि शेजारशेजारचे रांजण एकमेकांत फुटले कीं त्यांची मिळून एक चर होते. घळई होण्याची ही एक पहिली पायरी.

दुसरें साधन म्हणजे खडकाच्या भेगा. कोणताहि जुना खडक अखंड नसतो. भूकवचाच्या हालचालींनीं त्याला चिरा पडलेल्या असतात, आणि पाणी त्या चिरा हेरून आंत शिरतें. नर्मदेचें खोरें तर अशा हालचालींचेंच आहे. भूकवचांतील एका फार जुन्या दुबळ्या पट्ट्यावरून ती वाहते. २२ मे १९९७ च्या पहाटे जबलपुरास भूकंपाचा जो धक्का बसला, तो हा पट्टा अजून अगदींच शांत झालेला नाहीं ह्याची आठवण होती.

तिसरें साधन स्वतः धबधबा. पडणारें पाणी पायथा पोखरतें. पायथा गेला कीं वरचा कठडा कोसळतो. आणि धबधबा एक पाऊल मागें, म्हणजे उगमाच्या दिशेला, सरकतो. तो सरकत गेला त्या वाटेवर मागें जी चिंचोळी चर राहते, तिलाच घळई म्हणावयाचें. नायगाराचा धबधबा अशा रीतीनें सुमारें १२,००० वर्षांत ११ किलोमीटर मागें आला आहे. धुवांधारच्या खालची घळई पाहतांना हें ध्यानांत ठेवलें म्हणजे धबधबा आणि कडे ह्या दोन वेगळ्या प्रेक्षणीय वस्तु न राहतां त्यांतील नातें दिसूं लागतें.

मग ग्रँड कॅन्यन इतकी रुंद आणि ही इतकी अरुंद कां? तेथें खडकांचे थर एकावर एक रचलेले आहेत, कांहीं कठीण, कांहीं मऊ. कोलोरॅडोनें साधारण गेल्या ५० ते ६० लाख वर्षांत खोल कापलें; पण रुंदी सगळी तिनें स्वतः कापलेली नव्हे. बाजूचे मऊ थर झिजून मागें हटले, त्यांच्यावरचे कठीण थर कोसळले, वळवाच्या पावसाचे लोंढे तो राडारोडा खालीं लोटीत राहिले. झाडझाडोऱ्याचें आच्छादन नसल्यामुळें उतार उघडेच राहिले, आणि भिंती पायऱ्या-पायऱ्यांच्या झाल्या. भेडाघाटास एकाच जातीचा घट्ट खडक वरपासून खालपर्यंत आहे. तो बाजूनें सहज ढांसळत नाहीं. म्हणून नदीनें जेवढें कापलें तेवढीच वाट राहिली. आणि वैनगंगेला पवनीजवळ घळई कां नाहीं, ह्याचेंहि उत्तर येथेंच मिळतें. घळईला उतार लागतो व नदीला धरून ठेवणारा खडक लागतो. कोंढ्याच्या भाताच्या मुलखांत ह्या दोहोंचीहि वाण आहे; आणि ती आहे म्हणूनच तेथें भात पिकतो.

हीं कारणें कळलीं म्हणजे एकट्या प्रवाशानें काय जपावें हें वेगळें सांगावें लागत नाहीं. तरी थोडें सांगितलें पाहिजे. वाळूनें व गोट्यांनीं घासून घासून धबधब्याभोंवतालचा संगमरवर आरशासारखा गुळगुळीत झालेला आहे. तुषारांनीं तो सदा ओला, आणि ओल्यावर शेवाळ. येथें बूट असो कीं अनवाणी पाय असो, दोन्हींचा भरंवसा नाहीं. कठडे आहेत त्यांच्या आंत राहावें. छायाचित्रासाठीं कठड्यापलीकडच्या खडकावर उतरणारे दिसतात. त्यांना निदान हांक मारणारे सोबती तरी असतात.

दुसरें, पाणी जेथें शांत दिसतें तेथें तें उथळ आहे असें समजूं नये. जी नदी वर एवढी रुंद होती ती खालीं वीस यार्डांत मावते, ह्याचा अर्थ इतकाच कीं तिची रुंदी खोलींत गेली आहे. घळईंतलें पाणी संथ दिसतें तें खोल असल्यामुळें. शिवाय पोहणारा दमला तर टेकण्याला कांठ नाहीं; दोन्ही बाजूंस उभी, गुळगुळीत भिंत.

तिसरें, ह्या नदीचें पाणी आतां केवळ पावसाच्या हातीं राहिलेलें नाहीं. वरच्या बाजूस बर्गी येथें, १९९० च्या सुमारास पुरें झालेलें, मोठें धरण आहे. त्याचे दरवाजे उघडले कीं भेडाघाटास आभाळ निरभ्र असतांहि पाणी चढतें. पात्रांतल्या खडकांवर बसून न्याहारी करणाऱ्यानें हें विसरूं नये, आणि घाटावरचा नावाडी उठा म्हणाला तर कारण विचारीत बसूं नये.

चौथ्या संकटाचा उल्लेख वर येऊन गेलाच. कड्यांच्या कपारींत आग्या माशांचीं पोळीं असतात. एकोणिसाव्या शतकांत रेल्वेच्या मोजणीसाठीं आलेल्या युरोपियन इंजिनीयरांवर येथें माशा तुटून पडल्या. त्यांतील एकानें जीव वांचविण्यासाठीं पाण्यांत उडी घेतली आणि तो बुडाला. कड्यांजवळ धूर करणें, मोठ्यानें ओरडून प्रतिध्वनि काढणें, दगड भिरकावणें हे प्रकार म्हणून टाळावे.

घळई आंतून पाहावयाची ती नावेंतून. पंचवटी घाटावरून वल्ह्यांच्या नावा सुटतात. एकट्यानें सबंध नाव भाड्यानें घेण्यापेक्षां इतरांबरोबर बसावें. खर्च वांटला जातो, आणि नावाड्याचें यमकें जुळवून चाललेलें वर्णन ऐकण्याला मंडळी असल्यावांचून रंगहि येत नाहीं. तो प्रत्येक खडकाला हत्ती, घोडा, गाय ठरवून देतो. त्याला हरकत घेऊं नये. पण त्याच वेळीं काळ्या खडकाच्या त्या पट्ट्या नीट पाहाव्या. पांढरा खडक तयार झाल्यानंतर त्याच्या चिरांतून तप्त रस वर चढला व थिजला, त्याच्या त्या खुणा आहेत. पौर्णिमेच्या सुमारास रात्रींहि नावा जातात. पावसाळ्यांत मात्र त्या बंद असतात, आणि तेव्हां पाण्याच्या लोटाखालीं धबधब्याचा कडाच दिसेनासा होतो.

वेळ उरला तर चौसष्ट योगिनींचें देऊळ चुकवूं नये. दहाव्या शतकांतील हें वर्तुळाकार आवार टेकडीवर आहे. मध्यें गौरीशंकराचें मंदिर, भोंवतीं ओंवऱ्या. नांव चौसष्टांचें असलें तरी कोनाडे एक्याऐंशी आहेत. मूर्ती बहुतेक भंगलेल्या. तरी ज्या शाबूत आहेत त्यांच्या बोटांची ठेवण पाहण्यासारखी आहे. टेकडीवरून नर्मदेचा बांक दिसतो.

प्रवासाला नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. मार्चनंतर दुपारीं पांढऱ्या दगडावरून ऊन परावर्तन पावतें व डोळे दिपतात. पाणी जवळ असूनहि अंग भाजतें. मुक्काम जबलपुरास करावा व पहाटे घळईवर यावें; सकाळचे तिरपे किरण कड्यांवर पडतात तेव्हां त्यांचे रंग वेगवेगळे उठून दिसतात, दुपारीं ते सगळे एक होऊन जातात. परततांना हिशेब एवढाच ठेवावा कीं सिवनी दुपारीं मागें टाकली पाहिजे; म्हणजे खवाशाचें रान उजेडांत ओलांडलें जातें, दिवेलागणीच्या सुमारास रामटेक लागतें, आणि तेथें थांबावें कीं रात्रींच भंडारा गाठावा हें अंगांत उरलेल्या शक्तीप्रमाणें ठरवितां येतें.